पुलाची खूण

चर्चा सुरू होऊन अकरा मिनिटं झाली आणि ताईचे हात थांबले.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वाटीएवढ्या गोलात, ती उभी असायची. बातम्यांच्या वाहिनीवर जे काही बोललं जाईल, ते ऐकू न येणाऱ्यांना हातांच्या खुणांनी सांगायचं, हे तिचं काम. सात वर्षं ती ते मन लावून करत होती. पण आता सांगायचं तरी काय? एका पक्षाची निशाणी शिडी, दुसऱ्याची छत्री. शिडीवाल्यांचा प्रवक्ता ओरडत होता, छत्रीवाल्यांचा त्याच्यावर ओरडत होता, आणि ओरडू नका असं निवेदक दोघांना ओरडून सांगत होता. हात दोन आणि तोंडं तीन. कसं जमायचं?

प्रश्न तर अगदी साधा होता. नदीवरचा नवा पूल उद्घाटनानंतर तीन आठवड्यांत बंद का केला? आता गंमत अशी की, पूल अर्धा छत्रीवाल्यांच्या काळात बांधून झाला, अर्धा शिडीवाल्यांच्या. बिघडला तो अर्धा कुणाचा, यावर दोघं एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

ताईला हा प्रश्न घरचा होता. तिच्या दादाला जन्मापासून ऐकू येत नाही. खुणा ती शिकली तीच मुळी लहानपणी त्याच्याशी भांडता यावं म्हणून. दादा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो आणि ते दुकान नदीपलीकडे. पूल बंद झाल्यापासून तो रोज तासभराचा वळसा घालून जायचा. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून हिच्या हातांकडे डोळे लावायचा, आणि ती घरी आली की विचारायचा, पुलाचं काय म्हणाले? दोन तास हात हलवून आलेल्या बाईला एवढंसुद्धा सांगता यायचं नाही. तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आज तिने हात पुन्हा उचलले आणि खुणेने सांगितलं: सगळे एकदम बोलताहेत. प्रश्न पुलाचा होता. उत्तर अजून नाही.

पाच मिनिटांनी तिने पुन्हा सांगितलं, अजून नाही. आणखी पाच मिनिटांनी, अजूनही नाही. निवेदकाने छान हसून निरोप घेतला, तेव्हा तिची शेवटची खूण झाली: वेळ संपली, उत्तर आलं नाही.

आपल्या पदरचं अक्षरही घालायचं नाही, हा या कामातला पहिला नियम. तो आपण मोडला की पाळला, याचा विचार करत ती घरी गेली आणि कधी नव्हे ती गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशी जो काही गोंधळ उडाला, विचारू नका. कुणीतरी तिचा तेवढा कोपरा कापून, मोठा करून गावभर पाठवला होता. पूल म्हणताना ती एक हात कमानीसारखा वाकवून दुसऱ्या हाताच्या बोटावर धरायची. शिडीवाल्यांना त्यात चक्क छत्री दिसली. ‘अजून’ म्हणताना तिचा हात टप्प्याटप्प्याने वर जायचा. छत्रीवाल्यांना त्यात शिडी दिसली. दुपारपर्यंत दोन्हीकडे एकमताने ठरलं, की ही बाई विकली गेलीय. फक्त कुणाला, यावर वाद होता. पुलाचं नावही कुणी घेत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संपादकसाहेबांनी तिला खोलीत बोलावलं. साहेब मनाने वाईट नव्हते. दोन्हीकडून शिव्या आल्या की समजायचं आपण बरोबर मधोमध आहोत, असं ते एरवी अभिमानाने सांगायचे. पण या वेळी दोन्ही पक्षांचं, कधी नव्हे ते, एका गोष्टीवर जमलं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे ताईला काढा. दोघांची पत्रं टेबलावर शेजारी शेजारी पडली होती.

तिने नेमकं काय सांगितलं होतं, ते साहेबांनी विचारलं. ताईने सगळं सांगितलं.

“पण हे तर कुणी बोललंच नव्हतं,” साहेब म्हणाले.

“नाही बोललं, साहेब. पण झालं तेवढंच.”

साहेब कपाळ चोळत बसले. तेवढ्यात शिपाई आणखी एक पत्र ठेवून गेला. वरचा पत्ता पाहून त्यांनी हताशपणे मान हलवली. ऐकू न येणाऱ्यांच्या संघटनेकडून आलं होतं. आता हेही तक्रार करणार, असं पुटपुटत त्यांनी पाकीट फाडलं. आत एकच कागद, खाली चाळीस सह्या.

ताईला मात्र खरी धास्ती होती ती याच पत्राची. पक्षवाल्यांचं तिने मनावर घेतलं नव्हतं, त्यांना खुणांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. यांना सगळं कळत होतं. यांनी चुकलीस म्हटलं, तर ती चुकलीच होती, मग नोकरी राहो की जावो. त्यात दादा दोन दिवस संघटनेच्या लोकांकडे खेटे घालत होता आणि तिने काही विचारलं की मान फिरवायचा. त्याने मान फिरवली की बोलणंच संपलं.

साहेब आधी मनात वाचत होते. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मोठ्याने वाचायला लागले:

“सात वर्षांत परवा प्रथमच आम्हाला चर्चा नीट समजली. आभारी आहोत. एक नम्र विनंती आहे. ज्यांना ऐकू येतं, त्या बिचाऱ्यांसाठीही अशीच काहीतरी सोय करावी.”