तीन खुणा

उद्या सकाळी पंचगंगेच्या घाटावर आदर्शचा दर्भाचा पुतळा जाळायचा ठरला होता. देहच हाती लागला नाही तर माणसं दुसरं करणार तरी काय! आठ महिन्यांपूर्वी कच्छच्या आखातात मालवाहू जहाज बुडालं. बाकीचे सापडले, हुपरीचा आदर्श तेवढा राहिला.

त्याची आई लीला मात्र मोबाइलमधून डोकं वर काढत नव्हती. समुद्रगाय नावाचं एक बुजरं जनावर शोधायला शास्त्रज्ञ त्याच आखातावर दर महिन्याला विमान फिरवायचे आणि वरून काढलेले फोटो घरोघरच्या लोकांना तपासायला द्यायचे. पाण्यात काही दिसलं की बोटानं खूण करायची. जन्मभर पैंजणांची घुंगरं निवडलेली बाई ती, तिच्या नजरेतून काय सुटणार? पण तिला कसली समुद्रगाय अन् कसलं काय! फेस दिसो, ओंडका दिसो, ती खूण करून मोकळी. एकदा स्वतःच्या नावानं, एकदा नवऱ्याच्या, एकदा आदर्शच्या.

"आता पुरं की," तिचा नवरा सयाजी दारातून म्हणाला. "गुरुजी सहाला घाटावर येणार हाईत."

"तुमी जावा. मी न्हाई येणार."

तेवढ्यात फोन वाजला. समुद्रगायीच्या शोधमोहिमेतली अवंतिका बोलत होती, चांगलीच तापलेली.

"काकू, तिघांनी एकाच जागी खूण केली की आम्ही बोट पाठवतो. काल तुमच्या घरातल्या तीन नावांवर पाठवली. दिवसभर भटकून काय मिळालं? प्लास्टिकचं पिंप!"

लीला ताडकन उठली. "बोट गेली? खरंच गेली? आजूबाजूला नीट बघितलं का गं त्यांनी?"

"काकू, हा खेळ नाही! तिन्ही खाती बंद करतेय मी."

"नगं बाई, पाया पडते तुझ्या!"

"मग तिघांनी आपापली खूण केली होती का? द्या बरं त्या आदर्शना फोन."

लीलाला हुंदका आवरेना. सयाजीनं फोन घेतला आणि जहाजाचं, आठ महिन्यांचं, उद्याच्या घाटाचं सगळं सांगून टाकलं. पलीकडचा आवाज एकदम उतरला.

"काका, मला माहीत नव्हतं. पण काकूंना समजवा. आठ महिन्यांनी समुद्रात कोण…"

लीलानं फोन हिसकावून घेतला.

"तुजी ती गाय तिथं शेवटची कवा दिसली गं?"

"सहा वर्षं झाली."

"सा वर्सं! तरी हाय म्हणूनच शोधतीस न्हवं? माज्या पोराला तर आठच म्हैने झाल्यात."

पलीकडून फोन बंद झाला. लीलानं पुढच्या फोटोवर बोट टेकवलं. तो उघडला. खाती चालू होती.

सयाजी येऊन तिच्या शेजारी टेकला.

"माज्या नावाची खूण मी करतो," तो म्हणाला. "दाव, कुटं दाबायचं?"