सहीच्या आधी

न्यायाधीशांनी पेनाचं टोपण काढलं. पोटचं पोर व्हायला एकही दाखला लागत नाही. दत्तक घ्यायला मात्र चौदा लागले होते आणि ते सगळे टेबलावर होते. राहिली होती फक्त नऊ वर्षांच्या मुलीची संमती.

“या दोघांकडे कायमचं राहायला आवडेल तुला?”

“हो.”

विचारतील तेवढंच बोलायचं, असं वकीलबाईंनी तिला बजावलं होतं. इथवर ठीक चाललं होतं.

“तुला काही विचारायचंय?”

“तुम्ही सही केलीत की मला परत पाठवता येत नाही ना?”

“नाही. कुणालाच नाही.”

“मागच्या घरातून पाठवलं होतं.”

“तेव्हा निकाल झाला नव्हता, बाळ.”

“मग थांबा जरा. आधी सांगते. नंतर कळलं तर यांना फसवल्यासारखं होईल.”

वकीलबाई अर्ध्या उठल्या. “साहेब, पोर घाबरलीय...”

“बसा तुम्ही.”

होणाऱ्या बाबांनी होणाऱ्या आईचा हात घट्ट धरला. हातातोंडाशी आलेला घास जातोय, हे दोघांनाही दिसत होतं.

मुलगी हाताची घडी घालून, पाढे म्हणावेत तशी बोलू लागली. “मी अजून अंथरूण ओलं करते. चादर उलटी घालून ठेवते. शाळेतून तक्रारीची चिठ्ठी आली होती, ती मी फाडून टाकली. आणि स्वयंपाकघराची काच मांजरानं नाही फोडली. मी फोडली.”

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“अंथरुणाचं होतं,” होणारी आई कशीबशी म्हणाली. “ही शाळेत गेली की गादी मीच उन्हात टाकते. चिठ्ठीचंही कळलं होतं. काचेचं नाही.”

“मग आता?”

तिनं मुलीकडे पाहिलं. घराची पाहणी करणारे काय लिहितील, या धाकानं तीन महिने तिनं आवाज चढवला नव्हता. आता मात्र तिला राहवलं नाही.

“अगं, त्या बिचाऱ्या मांजराचं दूध बंद केलं मी आठ दिवस! चल घरी, बघतेच तुझ्याकडे!”

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

मुलगी टेबलाजवळ सरकली. पेन उचलून तिनं न्यायाधीशांपुढे धरलं.

“आता करा.”