तिसरी ओळ

शेजारच्या साळूबाईंचं दार तिसऱ्यांदा वाजवताना तृप्तीनं ठरवून टाकलं होतं, की आज ‘चष्मा सापडत नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरायचं नाही.

शनिवारची दुपार होती. द्वारका चौकामागच्या गल्लीतल्या त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं. खालचे वणीला गेले होते, वरचे कामावर. तृप्तीची दृष्टी एकोणिसाव्या वर्षी गेली, त्याला आता आठ वर्षं झाली होती. पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या लॅपटॉपवर ती रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायची. एका ठिकाणी कायमचं काम मिळत होतं, त्यासाठी नमुना सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. आणि गुरुवारी लॅपटॉप जो बंद पडला, तो उठलाच नाही.

आतली सिस्टीमच गेली होती. ती नव्यानं टाकायला हवी होती. बोलणाऱ्या सिस्टीमची सीडी तृप्तीकडे होती, पण लॅपटॉपचा सीडी ड्राइव्ह नुसता किरकिरायचा, वाचायचा नाही. दुकानदार म्हणाला, बुधवारी बघतो, लाइन मोठी आहे. भाऊ ललित पुण्याहून म्हणाला, पुढच्या रविवारी येतो, तोवर धीर धर. तृप्तीनं धीर धरला नाही. प्रशिक्षण केंद्रातल्या मैत्रिणीकडून तिनं तीच सिस्टीम पेनड्राइव्हवर घालून आणली. एकदा ती बोलू लागली की पुढचं सगळं ऐकून करता येणार होतं. पण त्याआधी एक मुकी यादी येते. लॅपटॉप कशावरून सुरू करायचा, ते त्या यादीत निवडावं लागतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याकडून ती यादी वाचून घ्यायला तृप्ती सकाळपासून झटत होती. मोबाइल एकदा ‘खिडकी’ म्हणाला, एकदा ‘पाणी’.

साळूबाईंनी दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, चष्मा कुठं ठेवलाय कुणास ठाऊक. विजेचं बिल, औषधाची बाटली, बँकेचं पाकीट. दोन वर्षांत काहीही वाचून मागितलं, की प्रत्येक वेळी हेच उत्तर. तृप्तीनं त्याचा अर्थ ‘मला त्रास देऊ नकोस’ असा घेतला होता आणि विचारणंच सोडलं होतं.

“शोधा मावशी,” ती म्हणाली. “मी इथंच उभी राहते.”

 आत शोधाशोध काही सुरू झाली नाही.

“चष्मा नाय माझ्याकडं,” साळूबाई म्हणाल्या. “कधी नव्हताच. मला वाचता येत नाय, तृप्ते. कुणाला बोलू नको.”

दोन वर्षांचा राग आता कुठं ठेवावा, ते तृप्तीला कळेना. तिनं एवढंच विचारलं, की दिसतं तर नीट ना? साळूबाई जरा दुखावल्या. अजून सुईत दोरा एका दमात ओवते, म्हणाल्या.

“मग चला.”

लॅपटॉप सुरू करून तृप्तीनं यादीची कळ टपटप दाबली. निळा पडदा आला, त्यावर दोन ओळी आहेत, असं साळूबाईंनी सांगितलं. पहिल्या ओळीचं पहिलं अक्षर कसं आहे? दोन खांब, मधी आडवी दांडी. म्हणजे एच, हार्ड डिस्क. दुसऱ्या ओळीचं? अर्धी फुटलेली बांगडी. म्हणजे सी, तो किरकिरणारा ड्राइव्ह. पेनड्राइव्ह यादीत नव्हताच. तृप्तीनं तो काढून दुसऱ्या बाजूच्या खाचेत घातला. पुन्हा सुरू केलं, तर कळ दाबायला उशीर झाला. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. साळूबाई पडद्याला नाक लावून बसल्या होत्या.

चौथ्या खेपेला त्यांचा आवाज बदलला. “तिसरी ओळ आली. उघड्या तोंडाचं भांडं. मग साप. मग काठीला दोन पोटं.”

तृप्तीनं गुडघ्यावर बोटानं काढून पाहिलं. यू, एस, बी, म्हणजे पेनड्राइव्ह. आठ वर्षं ती अक्षरं बोटांनी दाबत होती, कानांनी ऐकत होती. त्यांचे आकार मात्र डोळ्यांपुढून गेले होते. आज ते एकेक करून परत आले. निवडीची उजळ पट्टी अजून पहिल्या ओळीवरच आहे, असं साळूबाईंनी सांगितलं. तिनं खालचा बाण दोनदा दाबला. तिसरीवर बसली, असं साळूबाई म्हणाल्या, आणि तृप्तीनं एंटर दाबलं.

थोडा वेळ शांतता. मग एक बारीक बीप. आवाज सुरू करायला मैत्रिणीनं सांगितलेलं अक्षर तिनं दाबलं, आणि लॅपटॉप यंत्राच्या कोरड्या आवाजात इंग्रजी बोलू लागला. तृप्तीला इतका गोड आवाज कुणाचाच वाटला नव्हता.

पुढचे दोन तास तो विचारत गेला, ती उत्तरं देत गेली. आता साळूबाईंचं काही काम उरलं नव्हतं, तरी त्या उठल्या नाहीत. सिस्टीम बसली, लॅपटॉप आपला आपण सुरू झाला, तेव्हा तृप्तीनं त्यांचे हात धरले. केंद्राजवळ बायकांसाठी लिहाय-वाचायचा चांगला वर्ग चालतो, मी घेऊन जाते, असं ती म्हणाली. साळूबाईंनी हात सोडवून घेतले. सिन्नरला असताना त्या एकदा गेल्या होत्या तसल्या वर्गाला. अक्षर काढताना जीभ बाहेर यायची, कपाळाला घाम फुटायचा, आणि पुढं बसलेल्या पोरी वळून वळून बघायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी पाटी भाचीला देऊन टाकली.

“वर्गाला नाय यायची मी,” त्या म्हणाल्या. “उद्या चारला तुझ्याकडं येते. तू शिकव.”

तृप्ती गडबडली. मला तुमची पाटी दिसणार नाही, चुका कशा सांगू, असं तिनं विचारलं.

“पाटीवर काय काढलंय ते मी सांगन तुला,” साळूबाई म्हणाल्या. “माझं तोंड दिसणार नाय ना तुला, म्हणून तर तुझ्याकडं येते.”