जागेची कदर

दार उघडलं आणि उदय दोन पावलं मागे सरला. कुबट ओल, तळलेला मासा आणि घामेजलेली अंथरुणं, सगळ्यांचा मिळून एक भपकारा अंगावर आला. त्याने रुमाल नाकाला लावला. शेजारी उभ्या सोनलने तर तोंडच फिरवलं.

"सर, मी जिन्यात थांबू?"

"अजिबात नाही. तुमच्या ऑफिसने काय करून ठेवलंय ते तूही बघ."

सोनल मालकाच्या ऑफिसात अकाउंट्स सांभाळायची. इमारत मालकाची, पण ती पाडायची की ठेवायची हे आर्किटेक्ट म्हणून उदयच्या शब्दावर ठरणार होतं. कुवेत शहराच्या शर्क भागात चारी बाजूंनी काचेचे टॉवर उठले होते. तेलाच्या पहिल्या पैशातून बांधलेल्या असल्या इमारती आता शोधाव्या लागत. उदयचा त्यांच्यावर भारी जीव. कुवेतमधल्या मराठी मंडळींत कोणाकडेही जेवायला गेला की श्रीखंडाच्या वाटीवरच जुन्या शर्कचं पुराण सुरू व्हायचं. रेखा टेबलाखालून नवऱ्याचा पाय दाबायची, पण हा गप्प बसेल तर शपथ.

आत मोठ्या हॉलमध्ये प्लायवूडच्या फळ्या ठोकून खुराडी केली होती. प्रत्येक खुराड्यात दुमजली लोखंडी खाटा, खाटांना लटकवलेल्या पिशव्या, दोरीवर ओले बनियन. उदय बाथरूममध्ये डोकावला आणि लगेच दार ओढून घेतलं. बेसिनमध्ये पाणी तुंबलं होतं, त्यावर केस तरंगत होते आणि त्याच बेसिनच्या काठावर कुणीतरी दात घासायचे ब्रश नीट ओळीने मांडले होते.

"आपल्याकडचे का सायेब तुमी?"

मराठी कानावर पडताच एक पन्नाशीचा गृहस्थ वरच्या खाटेवरून खाली उतरला. रामभाऊ. मूळचे परभणीकडचे, एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला. त्यांनी लगबगीने आपला धुतलेला टॉवेल खालच्या खाटेवर अंथरला.

"बसा सायेब. ताई, तुमीबी बसा. चहा टाकतो."

"नको, नको," सोनल म्हणाली, पण रामभाऊ गेलेही होते. चहा आला. उदयने कप घेतला, हातात धरला आणि तसाच ठेवून दिला.

पलीकडच्या खाटेवर एक म्हातारा उशीला टेकून बसला होता. श्वास घेताना त्याची छाती शिट्टीसारखी वाजत होती.

"हे मजीदभाई. रंगकाम करत्यात," रामभाऊ म्हणाले. "रातभर असंच चालतंय. डॉक्टर म्हनतो, हवेशीर जागी ऱ्हावा. आता हवेशीर जागा आनायची कुठून? खिडकी हाय, पर ती या फळ्यांमागं गेली."

उदय ताडकन उठला. त्याने फळीवर बोटांनी ठोकून पाहिलं. "यामागे खिडकी आहे?"

"मोठी हाय की. समुद्राचा वारा यायचा म्हनं आदी."

"बघितलंस?" उदय सोनलवर उखडला. "ही असली जागा, आणि तिची ही दशा! किळस येते मला. ज्याने हे केलं त्याला काडीची अक्कल नाही."

सोनलने मान खाली घातली. असं फाडकन बोलणारं माणूस तिच्या ऑफिसात कुणी नव्हतं.

रामभाऊंना धीर आला. "सायेब, खरं सांगा, पाडनार का हो ही? पाडली तर आमी जायचं कुठं? फॅमिली राहत्यात तिथं आमाला कुनी घेत न्हाई. बॅचलर म्हनत्यात. दोन नातवंडं झाली मला, तरी हितं मी बॅचलरच!" ते हसले, मग एकदम गंभीर झाले. "आन् ऱ्हाऊ दिली, तर तेवढी खिडकी मोकळी करा. आमचं जाऊ द्या, मजीदभाईंसाठी म्हनतो. असंच चाललं तर मानूस हातचं जाईल."

उदयने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"इमारत पडणार नाही, रामभाऊ. आणि या फळ्या मी स्वतः उभा राहून काढायला लावतो."

रामभाऊंनी हात जोडले. त्यांनी हिंदीत सांगितल्यावर मजीद उठायला लागला, खोकल्याने पुन्हा खाली बसला आणि बसल्या बसल्याच त्याने छातीवर हात ठेवून मान लववली. सोनलच्या डोळ्यांत पाणी आलं.

जिन्यात येताच उदयने मोकळा श्वास घेतला आणि सॅनिटायझर काढून दोन्ही हात चोळून चोळून पुसले.

"सर, खरंच वाचवाल?" सोनलने विचारलं. "वरून तर टॉवरचाच आग्रह आहे. एवढ्या मोक्याच्या जागेतून जास्तीत जास्त मिळालं पाहिजे म्हणतात."

"टॉवर! या लोकांना दुसरं काही दिसतच नाही. जुन्या माणसांनी किती विचार करून बांधलंय हे! सांग तुझ्या साहेबांना, माझा शब्द पक्का आहे. पाडायची नाही."

"आणि फळ्या?"

"सगळ्या उचकटून टाका. आजच."

"बरं वाटलं, सर," सोनल म्हणाली. "आम्ही रोज नुसते आकडे टाइप करतो. त्यांच्या बाजूने बोलणारं कुणीतरी हवंच होतं."

उदय पायरीवर थांबला. त्याने मागे वळून उघड्या दारातून आत नजर टाकली, खालपासून पार वरपर्यंत.

"निम्मी जागा त्या फळ्यांनीच खाल्लीय. त्या गेल्या की खाटा भिंतीला भिडवून लावा, खिडकीसमोरची जागाही सोडू नका. आणि दुमजली कशाला? एवढ्या उंच छताखाली तिसरा मजला आरामात बसतो."