डावा बूट

"तुझे बाबा पडले ना, की आधी त्यांचा डावा बूट बघत जा. मग हस," असं आई तिला सांगायची. ती तेव्हा कॉलेजात होती. "अगं आई, सगळं थिएटर हसतंय आणि मी काय बूट बघत बसू?" असं म्हणून तिने ते उडवून लावलं होतं.

आता आई नव्हती. आणि तिची दीड वर्षाची लेक उंच खुर्चीत तोंड घट्ट मिटून बसली होती. वाटीत मऊ शिजवलेलं गाजर. पाच-सहा चमचे राहिले होते.

"बाबा, ये ना रे. तुझ्याशिवाय ही तोंड उघडायची नाही."

बाबा बूट घालूनच आले. जाड तळाचे, पुढून वर वळलेले तपकिरी बूट. चाळीस वर्षं ते याच बुटांनिशी सिनेमात जिन्यांवरून, शिड्यांवरून, चालत्या गाड्यांवरून पडत आले होते. पडायला एकदाही डुप्लिकेट घेतला नव्हता. लोक त्यांना कोलांटीमास्तर म्हणत. पडल्यावर ते निपचित राहत, आणि मग डावा बूट हळूच डुले. थिएटर डोक्यावर घेत लोक. पोस्टरवर चेहऱ्याऐवजी तो बूटच छापत.

तो डुलणारा बूट खरं तर कॅमेऱ्यामागे बसलेल्या आईसाठी होता. लागलं नाही गं, एवढंच सांगायला. एकदा ऐन शॉटमध्ये किंचाळून तिने अख्खा सीन वाया घालवला होता, तेव्हापासूनची ही दोघांची खूण.

"आज हा हात जरा झोपलाय," डावा पंजा चोळत बाबा म्हणाले.

"हातावरच झोपला असशील. बाबा, गार होतंय हे."

"तुझ्यापेक्षा दिग्दर्शक बरे. ते निदान चहा विचारायचे."

बाबा स्टुलाला अडखळले, हवेत दोन्ही हात फिरवले आणि सतरंजीवर धपकन आडवे झाले. लेक खिदळली. तोंड उघडलं, चमचा आत. बूट डुलला, लेकीने टाळ्या पिटल्या. पुन्हा धपकन, पुन्हा चमचा.

तिचं लक्ष फक्त त्या इवल्याशा तोंडाकडे होतं. लेकीच्या बाबतीत ती डोळ्यांत तेल घालून बसलेली असायची. झोपलेल्या पोरीच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघायची. घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला तिने स्पंज चिकटवला होता, लेकीच्या डोक्याच्या उंचीला. बाबांच्या उंचीला कुठेच काही नव्हतं.

"अजून एकदा, बाबा. शेवटचं."

"शेवटचं शेवटचं करत पाच रिटेक झाले, बाईसाहेब."

पण पडले. या वेळी अडखळले नाहीत, हात फिरवले नाहीत. सरळ खाली गेले. लेक खदखदून हसली, शेवटचा चमचा आत गेला, आणि "शाब्बास गं माझी बाय!" म्हणत तीही हसली. वाटी विसळायला उठली.

"बूत?" मागून लेक म्हणाली.

तिने नळ सोडला.

"बूत? बूत?"

ती वळली. लेक हसायची थांबली होती. खुर्चीतून जमेल तेवढी वाकून जमिनीकडे टक लावून बसली होती. सतरंजीवर डावा बूट एका अंगाला कलंडला होता. एवढा वेळ बाबा कधीच घेत नसत.

"बाबा, पुरे झालं. हलव ना बूट."

"हलवतोय की," बाबांची जीभ जड झाली होती. "दिसत नाहीये का तुला?"

अॅम्ब्युलन्सला तिने पत्ता सांगितला, वय सांगितलं, दोन मिनिटांपूर्वी झालं हेही सांगितलं. मग लेकीला शेजारच्या काकूंच्या कडेवर दिलं.

स्ट्रेचर घेऊन दोघं जण आले. त्यातल्या धाकट्याचा चेहरा उजळला. "अरे, कोलांटीमास्तर! काका, शूटिंग चाललंय की काय?"

"दादा, ते खरंच पडलेत," ती म्हणाली. बाबांबद्दल हे वाक्य तिला जन्मात पहिल्यांदाच बोलावं लागत होतं.

तो खजील झाला. दोघांनी बाबांना अलगद उचललं. जिना अरुंद होता. ती पायांकडच्या बाजूने एकेक पायरी उतरत होती आणि डाव्या बुटावरून नजर काढत नव्हती. पहिला मजला गेला. बूट तसाच. तिने मनातल्या मनात आईची किती वेळा माफी मागितली, तिचं तिलाच ठाऊक.

खालच्या वळणावर उजवा बूट डुलला.

ती वाकली. बाबांचा अर्धाच चेहरा हसत होता.

"डावा आजारी आहे," ते कसेबसे म्हणाले. "आज डुप्लिकेट पाठवलाय."

तिने तो बूट पुन्हा एकदा नीट बघितला. मग हसली. हसता हसता डोळे पुसत अॅम्ब्युलन्समध्ये चढली.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. ती सांगते, वेळेवर लेकीने बघितलं. आणि अलीकडे भेटेल त्याला ती एक गोष्ट सांगते, तुम्हालाही सांगेल. तुमच्याकडेही सगळ्यांना हसवणारं एक माणूस असेलच. आज त्याच्याकडे जाऊन या. नुसता फोन करू नका. फोनवर पाय दिसत नाहीत.