डब्यांवरच्या चिठ्ठ्या

जपानी शिकायच्या नादात फ्रीजपासून मिठाच्या डब्यापर्यंत जपानी नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत सुटलेल्या नातीनं सोनुबाईचं डोकं फिरवलं होतं. "बँकेतनं आली की हेच! कोंबडी चिखलातनं चालल्यागत अक्षरं. पै-पाव्हणं हसतील गं!"

पारमिता म्हणायची, "आज्जी, येता-जाता नजर पडली की वाचायला आपोआप जमतं."

पण लेकीची सासू सदलग्याहून निपाणीला यायची ठरली, तसा सोनुबाईनं शेवटचा दम भरला. पारमितानं गाल फुगवून सगळ्या चिठ्ठ्या उपटल्या आणि त्या जागी ठळक मराठीत लिहून लावलं. घर कसं माणसांचं दिसायला लागलं म्हणून सोनुबाई दोन दिवस तोऱ्यात होती.

विहीणबाई आल्या. चहा सोनुबाईनंच टाकला. मीठ-साखरेच्या जुळ्या डब्यांपुढं ती जरा घुटमळली, पण कुणाला विचारील तर ती सोनुबाई कसली! विहीणबाईंनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. चहात मीठ पडलं होतं.


सोनुबाईनं सगळ्यांदेखत नातीला फर्मावलं, "पारमिते, तुझं जपानीच लाव परत. ती कोंबडीची पावलं बघून बघून वळखाय तरी येत्यात. मराठी कुठं वाचाय येतंय मला!"