तिसऱ्यांदा वाकलेली रिम

ग्लायडरच्या पोटाखालच्या एकुलत्या एका चाकाची रिम महिन्यात तिसऱ्यांदा वाकली, तेव्हा मिस्त्रीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"ह्या पोरीचा हातच जड आहे," मागच्या सीटवर बसून शिकवणारे सर म्हणाले. "उतरताना ग्लायडर चालवायचा दांडा तिच्याच हातात असतो, मागच्या माझ्या दांड्याला मी बोटही लावत नाही. एकटीने उडायच्या परवानगीवर मी एवढ्यात सही करायचा नाही."

पोरगी हळूच म्हणाली, "काका, धावपट्टीवर उंचवटे आहेत."

हे मात्र मिस्त्रीला झोंबलं. गवताच्या त्या पट्टीवर रोज सकाळी तो स्वतः रोलर फिरवायचा. भरलेली कपबशी ठेवली असती तरी थेंब सांडला नसता. "नाचता येईना, अंगण वाकडं," तो पुटपुटला. पण बोलताना पोरीची नजर त्याच्याकडे नव्हती, सरांकडे होती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुपारी दोघं पुन्हा उडाले, तेव्हा चाक जिथे टेकतं तिथेच पट्टीच्या कडेला तो उकिडवा बसून राहिला. ग्लायडर खाली आलं, दणकन आदळलं, उसळलं आणि पुन्हा आदळलं. एवढ्या जवळून काचेच्या झाकणाआतलं सगळं स्वच्छ दिसत होतं.




चाक टेकायच्या कितीतरी आधीपासून पोरीने डोकं आपटू नये म्हणून दोन्ही तळवे वर काचेला घट्ट लावून धरले होते.